मोजणाऱ्याचा हात : बुद्धिमापनातील चुकांचा एक इतिहास

१९७० साली अमेरिकेत एक साधा प्रयोग झाला. मिलर, चॅन्स्की आणि ग्रेडलर या तीन संशोधकांनी एका मुलाच्या बुद्धिमत्ता चाचणीची नोंदपत्रिका घेतली आणि मानसशास्त्राचे शिक्षण घेणाऱ्या ३२ प्रशिक्षणार्थींना ती तपासायला दिली. मूल एकच, त्याने दिलेली उत्तरे तीच, गुणांकनाची मार्गदर्शिका तीच आणि चाचणी वेक्सलरची, म्हणजे जगभर सर्वांत विश्वसनीय मानली गेलेली. या ३२ जणांनी काढलेला बुद्ध्यंक ७६ पासून ९३ पर्यंत पसरला. एकाच्या हिशेबाने ते मूल मतिमंदत्वाच्या सीमारेषेजवळ उभे होते, तर दुसऱ्याच्या हिशेबाने ते चारचौघांसारखे सर्वसाधारण होते. मुलात काडीचाही फरक पडलेला नव्हता. फरक होता तो मोजणाऱ्याच्या हातात.

मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमात हा प्रयोग क्वचितच शिकवला जातो. शिकवला तरी 'गुणांकनातील त्रुटी' अशा एखाद्या उपमथळ्याखाली चार ओळींत संपवला जातो. ज्यांच्या पिढ्यान् पिढ्या मोजल्या गेल्या आणि मोजून बाजूला ठेवल्या गेल्या, त्यांना मात्र तो चार ओळींत संपवून चालणार नाही. आपल्या समाजाचा बुद्धीच्या मोजमापाशी आलेला संबंध चाचणीपासून सुरू होत नाही. तो शाळेच्या दारापासून सुरू होतो आणि हे दार धारवाडचे आहे.

जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेशासाठी अर्ज केला आणि त्याला प्रवेश नाकारण्यात आला. प्रकरण मुंबई सरकारपर्यंत गेले. सरकारने कबूल केले की नियमाच्या दृष्टीने न्याय या मुलाच्या बाजूला आहे. परंतु एका मुलासाठी शतकानुशतकांच्या समजुतींना धक्का दिला, तर बाकीच्यांच्या दृष्टीने शाळाच निरुपयोगी होईल, असे म्हणून सरकारने हात झटकले. १८५७ मध्ये कलकत्त्याच्या सरकारने या निर्णयाबद्दल नाराजी कळवली आणि १८५८ मध्ये कंपनीच्या संचालकांनी सरकारी खर्चाच्या शाळा सर्वांना खुल्या असल्याचे सांगितले. कागदावर दार उघडले. १९२८ च्या मे महिन्यात बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सायमन कमिशनपुढे मुंबई इलाख्यातील अस्पृश्यांच्या शिक्षणाचे निवेदन सादर केले, तेव्हा सत्तर वर्षांपूर्वीचे हे धारवाडचे प्रकरण त्यांनी मूळ सरकारी कागदांसह पुढे ठेवले.

आता योगायोग पाहा. ज्या धारवाडने १८५६ मध्ये एका महार मुलाला शाळेबाहेर ठेवले, त्याच धारवाडात मराठी मुलांची बुद्धी मोजणारी पहिली महत्त्वाची फूटपट्टी तयार झाली. व्ही. व्ही. कामत यांनी बिने चाचणीचे रूपांतर कानडी आणि मराठी भाषिक मुलांसाठी केले. त्यांचा निबंध १९३४ मध्ये ब्रिटनच्या शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात आला आणि 'मेझरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रेन' हा ग्रंथ १९४० मध्ये ऑक्सफर्डने प्रसिद्ध केला. हीच ती 'बिने-कामत' चाचणी. ती आजही महाराष्ट्रातल्या रुग्णालयांत, बालमार्गदर्शन केंद्रांत आणि महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत वापरली जाते.

कामतांनी एकट्याने जे श्रम केले त्यांची टर उडवण्याचा माझा हेतू नाही. परकी चाचणी जशीच्या तशी भाषांतरित करून लादण्यापेक्षा आपल्या भाषेतील मुलांवर ती प्रत्यक्ष वापरून पाहणे हे त्या काळात मोठे काम होते. प्रश्न वेगळा आहे. मानके मुलांवरून बनतात आणि मुले शाळेतून मिळतात. १९३० च्या आसपास मुंबई इलाख्यातल्या शाळेत कोण बसत होते? त्याच वर्षी स्टार्ट समितीने आपला अहवाल दिला. बाबासाहेब स्वतः तिचे सदस्य होते आणि अस्पृश्यांना शाळेत बसू देण्याचा प्रश्न अजून सुटला नव्हता म्हणूनच ती समिती नेमावी लागली होती. आणि आपला मराठवाडा? तो तेव्हा निजामाच्या राज्यात होता. मुंबई इलाख्याच्या मोजणीत त्याचा संबंधच नव्हता. म्हणजे आज छत्रपती संभाजीनगरच्या एखाद्या वस्तीतल्या पोराचा बुद्ध्यंक बिने-कामतवर काढला जातो, तेव्हा त्याची तुलना नव्वद वर्षांपूर्वीच्या धारवाडकडच्या मुलांशी होत असते. ही चूक परीक्षकाची नाही, फूटपट्टीची आहे. पण परीक्षकाची पहिली चूक हीच, की आपण कोणती फूटपट्टी हातात घेतली आहे हे तो स्वतःला विचारत नाही.

येथे थोडे मागे जावे लागेल. आल्फ्रेड बिने याने थिओडोर सायमनबरोबर १९०५ मध्ये पॅरिसमध्ये ही चाचणी तयार केली, ती शाळेत मागे पडणारी मुले हुडकून त्यांना अधिक शिकवता यावे म्हणून. मुलाची बुद्धी हे एक ठराविक, न वाढणारे माप आहे असे मानणाऱ्यांचा त्याने स्पष्ट शब्दांत निषेध केला होता. पण १९११ मध्ये तो वारला आणि फूटपट्टी अटलांटिक ओलांडून गेली. तेथे गोडार्डने ती एलिस बेटावर उतरणाऱ्या स्थलांतरितांना लावली. स्टॅनफर्डच्या टर्मनने १९१६ मध्ये तिची मोठी सुधारित आवृत्ती काढली आणि त्याच ग्रंथात मेक्सिकन, रेड इंडियन व निग्रो मुलांची मंदता वांशिक असावी असे लिहून टाकले. पहिल्या महायुद्धात यर्क्सच्या हाताखाली सुमारे साडेसतरा लाख सैनिकांची सामुदायिक चाचणी झाली. घाईघाईने तयार केलेले परीक्षक, खच्चून भरलेल्या खोल्या, मागच्या रांगेला ऐकूही न येणाऱ्या सूचना आणि ज्यांनी आयुष्यात कधी पेन्सिल धरली नव्हती त्यांच्या हातात दिलेल्या पेन्सिली! त्या आकड्यांवर ब्रिगहॅमने १९२३ मध्ये उत्तर युरोपीय वंशाच्या श्रेष्ठत्वाचा ग्रंथ रचला आणि १९३० मध्ये आपले निष्कर्ष निराधार होते हे स्वतःच मान्य केले. दरम्यान १९२४ मध्ये स्थलांतरितांवर निर्बंध घालणारा कायदा होऊन गेला होता. माफी नंतर येते, कायदा आधी येतो.

कामतांनी जी चाचणी आधाराला घेतली ती टर्मनची, १९१६ ची. त्याच वर्षीच्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात भीमराव आंबेडकर नावाचा एक पंचवीस वर्षांचा विद्यार्थी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचत होता. 'मानसिक चाचणी' हा शब्द रूढ करणारा कॅटेल आणि शैक्षणिक मापनाचा मोठा पुरस्कर्ता थॉर्नडाइक हे दोघेही त्या वेळी त्याच विद्यापीठात होते. बुद्धी आणि वंश यांची सांगड घालण्याचा तो भर काळ होता. बाबासाहेबांनी त्या काळाच्या शास्त्राला भिऊन पाठ फिरवली नाही. १९३६ च्या 'जातिभेद निर्मूलना'त त्यांनी जातिव्यवस्था सुप्रजननाच्या तत्त्वावर उभी असल्याचा दावा तपासला आणि उलट विचारले, की असे असेल तर या देशात खुज्या आणि दुबळ्या माणसांची प्रजा का निपजली? १९४८ च्या 'अस्पृश्य मूळचे कोण?' या ग्रंथात त्यांनी तर नाकाच्या मोजमापांचे आकडेच हातात घेतले. रिस्लेपासून ज्या नासिका-निर्देशांकाने जातींची उतरंड लावली जात होती, त्याच प्रकारच्या आकड्यांनी ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे ठरत नाहीत हे दाखवले. मोजपट्टी फेकून देण्याआधी ती मोजणाऱ्याच्याच अंगाला लावून पाहायची, ही त्यांची रीत होती. आपणही तेच करू या.

परीक्षक नेमका कुठे चुकतो? तो चुकतो अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या ठिकाणी. मोठ्या संशोधनांपेक्षा मी येथे एक छोटा हिशेब मांडतो, कारण आपल्या वाचकांत शिक्षक बरेच आहेत आणि हा हिशेब त्यांना हाताने करून पाहता येईल. बिने-कामत चाचणीत लहान वयोगटांसाठी प्रत्येक वर्षाचे सहा प्रश्न असतात आणि एका प्रश्नाला मानसिक वयाचे दोन महिने मिळतात. मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागायचे आणि शंभराने गुणायचे, की आला बुद्ध्यंक. समजा, आठ वर्षांचा एक मुलगा आहे. सहाव्या वर्षाचे सर्व प्रश्न त्याने सोडवले, सातव्याचे तीन आणि आठव्याचा एक. मानसिक वय झाले सहा वर्षे आठ महिने, म्हणजे ८० महिने. प्रत्यक्ष वय ९६ महिने. बुद्ध्यंक ८३. आता परीक्षकाने घाईत एका बरोबर उत्तराला शून्य दिले होते असे धरू. ते सुधारले तर ८२ भागिले ९६, म्हणजे बुद्ध्यंक ८५. अध्ययन अक्षमतेच्या तपासणीत साधारणपणे ही ८५ चीच रेषा धरली जाते. महाराष्ट्रात १९९६ पासून अशा मुलांना परीक्षेत ज्यादा वेळ व इतर सवलती मिळू लागल्या. ८५ च्या वर असलेल्या मुलाला वाचनलेखनाची अडचण असेल तर तिला नाव मिळते, दाखला मिळतो. ८३ वाल्याला 'मुळातच कमी' म्हणून घरी पाठवले जाते. तो सत्तरच्या खालीही नसतो, त्यामुळे त्या बाजूचाही आधार त्याला मिळत नाही. एका प्रश्नाची ही किंमत आहे.

पण मी दुसऱ्याच आकड्याकडे बोट दाखवणार आहे. भागाकारातला खालचा आकडा, मुलाचे वय, आला कोठून? शाळेच्या दाखल्यावरून. आणि आपल्या वस्त्यांतल्या निम्म्याअधिक माणसांचा वाढदिवस कोणत्या तारखेला येतो हे मी सांगण्याची गरज नाही. एक जून! गुरुजींनी पोराच्या डोक्यावरून हात फिरवून कानाला बोट पोचते का पाहिले, सहा वर्षे पुरी भरावीत म्हणून एक जून टाकली आणि नाव पटावर घेतले. त्या गुरुजींना मी दोष देत नाही. त्यांच्या त्या खोट्या तारखेमुळे आमच्यातली किती तरी माणसे शिकली. पण मुलगा खरोखर तुरीच्या काढणीच्या वेळी, डिसेंबरात जन्मलेला असेल आणि जूनमध्ये त्याची चाचणी झाली, तर तो आठ वर्षांचा नसून साडेसात वर्षांचा, म्हणजे ९० महिन्यांचा असतो. ८० भागिले ९० केले की बुद्ध्यंक येतो ८९. ते सुटलेले उत्तर धरले तर ९१. त्र्याऐंशीचा एक्क्याण्णव झाला आणि मुलाने एक शब्दही जास्त उच्चारलेला नाही. ज्या घरात जन्माचा दाखला फ्रेममध्ये लावलेला असतो तेथे ही चूक होत नाही. म्हणजे चुकादेखील सर्वांच्या वाट्याला सारख्या येत नाहीत.

प्रशिक्षणार्थींच्या चुकांचा अभ्यास पुढेही होत राहिला. २००७ मध्ये लो, कॅडलुबेक आणि मार्क्स यांनी पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी घेतलेल्या वेक्सलर चाचणीच्या ५१ नोंदपत्रिका तपासल्या. त्यांतल्या ९८ टक्क्यांत चुका होत्या आणि एका पत्रिकेमागे त्यांची सरासरी जवळजवळ २६ पडली. मुलाचे उत्तर शब्दशः न लिहिणे, उत्तर संदिग्ध असताना 'आणखी सांग' असे न विचारणे, वाजवीपेक्षा जास्त गुण देणे, अशा स्वरूपाच्या या चुका होत्या. आणि हे विद्यार्थी आपल्यासारखे एका पेटीवर पंधराजण शिकणारे नव्हेत.

आपल्याकडचे चित्र सांगायचे तर मला महाविद्यालयाच्या प्रात्यक्षिक वहीबद्दल बोलावे लागेल. मी बरीच वर्षे हा विषय शिकवला. चाचणीची मूळ पेटी कपाटात, कपाटाची किल्ली शिपायाकडे, पेटीतले दोन ठोकळे हरवलेले, आणि विरामघड्याळ बंद. विद्यार्थी 'प्रयुक्त' म्हणून वसतिगृहातल्या खोलीतल्या मित्राला बसवतो, नाही तर गेल्या वर्षीची वही उतरवून काढतो. बुद्ध्यंक ठरलेला, १०८ किंवा ११२. परीक्षकालाही तो आवडतो. अशा वहीवर सही होते आणि तोच विद्यार्थी पुढे कुठल्याशा शाळेत समुपदेशक होतो, संस्थेत नोकरीला लागतो, आणि मग त्याच्यासमोर वहीतले नव्हे तर खरे मूल येऊन बसते.

एकदा मी आग्रहाने विद्यार्थ्यांना शहराच्या कडेला असलेल्या एका पारधी वस्तीतल्या मुलांकडे घेऊन गेलो. चाचणीत व्यवहारज्ञान पाहणारे काही प्रश्न असतात. पोलीस कशासाठी असतात, अशा धाटणीचा एक प्रश्न माझ्या विद्यार्थ्याने वाचला. समोर बसलेला नऊ वर्षांचा मुलगा क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "पोलीस आला की पळायचं." विद्यार्थ्याने उत्तराच्या रकान्यात 'चूक' असे लिहिले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळला. मी नंतर त्याला विचारले, मुलाचे वाक्य का लिहून घेतले नाहीस? तो म्हणाला, "सर, मॅन्युअलात असलं उत्तर नाही." मी म्हणालो, मग आणखी सांग असे तरी म्हणायचे होते. मार्गदर्शिकाच तसे सांगते. आम्ही परत गेलो. त्याने विचारले, का रे पळायचं? मुलगा म्हणाला, "चोराला धरायला येतो ना तो. आमालाच धरतो."

या उत्तराचा विचार करा. गुन्हेगारांना पकडण्यासाठी पोलीस असतात हे त्या मुलाला पक्के ठाऊक होते. पूर्ण गुणांचे उत्तर त्याच्यापाशी होते. त्यावर आणखी एक ज्ञान त्याच्यापाशी होते, जे मार्गदर्शिका लिहिणाऱ्याला लागत नाही. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण ते ज्ञान त्या वस्तीत आजही आईच्या दुधाबरोबर मिळते. त्या मुलाचे 'शून्य' हे केवळ परीक्षकाने तीन शब्द न उच्चारल्यामुळे पडले होते. आणि माझा तो विद्यार्थी उच्चवर्णीय नव्हता. तो आपल्यातलाच होता.

हे लिहिताना हात अडखळतो, पण लिहिले पाहिजे. चूक म्हणजे केवळ बेरीज चुकणे नव्हे. १९७० मध्येच सॅटलर व त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की संदिग्ध उत्तरे 'हुशार' मुलाची आहेत असे सांगितले तर परीक्षक जास्त गुण देतात आणि 'मंद' मुलाची म्हटले तर कमी देतात. आपल्या देशात हुशार-मंद असे वेगळे सांगावे लागत नाही. आडनाव पुरते. २००४ मध्ये कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर केली नव्हती तेव्हा वरच्या आणि खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांत उल्लेखनीय फरक नव्हता. सर्वांसमक्ष नाव, गाव, जात पुकारली, आणि दलित मुलांची कामगिरी घसरली. नोंदपत्रिकेच्या पहिल्या ओळीत आपण काय विचारतो? नाव, वडिलांचे नाव, जात! माझ्या कित्येक विद्यार्थ्यांनी तो रकाना मुलाच्या समोर, मोठ्याने विचारून भरला. चाचणी सुरू होण्यापूर्वीच चुकलेली असते ती अशी.

दुसरा अभ्यास याहून जास्त बोचणारा आहे. रीमा हॅना आणि ली लिंडेन यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात शिक्षकांना तपासायला दिलेल्या उत्तरपत्रिकांवर जात कोणतीही, चिठ्ठी टाकल्यासारखी, लिहिली होती. जिच्यावर खालची जात पडली तिला थोडे कमी गुण मिळाले. फरक लहान होता. परंतु तो मुख्यतः कोणामुळे पडला? स्वतः खालच्या मानलेल्या जातींतून आलेल्या शिक्षकांमुळे. प्रस्थापितांच्या डोळ्यांनी स्वतःच्या लेकराकडे पाहण्याची सवय आपल्याही अंगात मुरली आहे. कदाचित पक्षपात केल्याचा आरोप येऊ नये म्हणून आपण आपल्या पोरांशी अधिक कठोर होतो. कदाचित आणखीही काही असेल. 'आपली माणसे परीक्षक झाली की सगळे ठीक होईल' एवढ्यावर मात्र थांबता येत नाही.

परंतु याची दुसरी बाजूही इतिहासात आहे. १९३६ मध्ये हर्मन कॅनडी या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञाने तपासले, की परीक्षकाच्या वर्णाने बुद्ध्यंकात फरक पडतो काय. कृष्णवर्णीय मुलांना कृष्णवर्णीय परीक्षकाकडे सुमारे सहा गुण जास्त मिळाले आणि गोऱ्या मुलांचे जवळपास तेवढेच कमी झाले. कॅलिफोर्नियात सहा कृष्णवर्णीय मुलांच्या वतीने १९७१ मध्ये 'लॅरी पी.' या नावाने दावा लागला. शाळांनी त्यांना बुद्ध्यंक ७५ च्या खाली म्हणून मतिमंदांच्या वर्गात टाकले होते. कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेतील मंडळींनी त्यांची फेरचाचणी घेतली. मुलांशी आधी दोस्ती केली, प्रश्न त्यांच्या ओळखीच्या भाषेत विचारले, मार्गदर्शिकेत नसलेली पण अर्थपूर्ण उत्तरे ग्राह्य धरली. सगळी मुले ७५ च्या वर गेली. १९७२ मध्ये, ज्या वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली त्या वर्षी, न्यायालयाने अंतरिम मनाई दिली आणि १९७९ मध्ये न्यायमूर्ती पेकहॅम यांनी अशा वर्गांसाठी कृष्णवर्णीय मुलांवर या चाचण्या वापरण्यास बंदी घातली.

आता पेच असा आहे. मार्गदर्शिकेच्या काटेकोर नियमाने पाहिले, तर या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञांनी एकामागून एक 'चुका' केल्या. प्रश्नाचे शब्द बदलणे ही चूक, यादीत नसलेले उत्तर ग्राह्य धरणे ही चूक. मग आपण कोणत्या चुकीच्या विरुद्ध बोलत आहोत? आपल्या चळवळीतील काही मित्रांचे म्हणणे असे, की चाचणीच मुळात वर्चस्ववादी आहे, मग ती बरोबर घेतली काय आणि चुकीची घेतली काय! त्यांचा राग मला समजतो. वेक्सलरची मुलांची मूळ चाचणी १९४९ मध्ये केवळ गोऱ्या मुलांवर प्रमाणित झाली होती. तिचे भारतीय रूपांतर नागपुरात फादर मालिन यांनी केले आणि १९६९ मध्ये त्याची मार्गदर्शिका आली. त्याला जेमतेम तेरा वर्षे अगोदर त्याच नागपुरात लाखो माणसांनी धम्मदीक्षा घेतली होती. पण त्या मुलांच्या घरातली भाषा चाचणीच्या शब्दसंग्रहात किती शिरली? जो शब्द पुस्तकात आहे आणि वस्तीत नाही त्याचा अर्थ विचारायचा, आणि वस्तीत आहे आणि पुस्तकात नाही तो मात्र कधीच विचारायचा नाही, ही चाचणीची रीत आहे. अमेरिकेत रॉबर्ट विल्यम्सने १९७२ मध्ये केवळ कृष्णवर्णीयांच्या बोलीतील शब्दांची चाचणी तयार करून ही गंमत उलटी फिरवून दाखवली. त्या चाचणीत गोरे मागे पडले!

तरीही या मित्रांशी माझा मतभेद आहे. चाचणी वाईट म्हणून ती ढिसाळपणे घेतली तरी चालेल, हा युक्तिवाद आपल्या मुलांच्या मुळावर येतो. ढिसाळ चाचणीचा निकाल लागला की सुखवस्तू घरातला बाप दुसऱ्या डॉक्टरकडे जातो, तिसऱ्याकडे जातो आणि फेरचाचणी करून आणतो. वीटभट्टीवर काम करणारी आई रोज बुडवून एकदाच रुग्णालयाच्या रांगेत उभी राहते. तिला मिळालेला आकडा हाच शेवटचा आकडा असतो. आणि आकडा फक्त खालीच चुकतो असेही नाही. ज्या मुलीला खरोखर आधाराची, विशेष शिक्षणाची, अपंगत्वाच्या दाखल्याची गरज आहे, तिला कोणी दयेपोटी पाच गुण वाढवून दिले, तर तिचा दाखलाच हुकतो. सौम्य बौद्धिक अक्षमतेलाही ५० टक्के अपंगत्व धरले जाते आणि ४० च्या खाली बहुतेक योजनांचे दार उघडत नाही. प्रशिक्षणार्थीची दयाबुद्धी हीसुद्धा गुणांकनातली चूकच असते.

म्हणून लॅरी पी.च्या फेरचाचणीकडे मी नियम मोडल्याचे उदाहरण म्हणून पाहत नाही. त्या मंडळींना मार्गदर्शिका पाठ होती. कोणत्या ठिकाणी, कशासाठी आणि किती आपण तिच्यापासून दूर जात आहोत, हे त्यांनी लिहून ठेवले आणि न्यायालयासमोर सांगितले. ज्याला नियम येत नाही त्याचे नियम मोडणे आणि ज्याला येतो त्याचे मोडणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नागसेनवनात १९५० साली बाबासाहेबांनी महाविद्यालय काढले, ते प्रस्थापितांच्या विद्येला नाकारण्यासाठी नव्हे. ती विद्या तिच्या मालकांपेक्षा चांगली हस्तगत करून मग तिचा निवाडा करण्यासाठी काढले.

त्या पारधी वस्तीतून आल्यावर आम्ही वर्गात एक गोष्ट केली. एकाच मुलाची नोंदपत्रिका, नाव आणि जात झाकून, सगळ्यांना तपासायला दिली. शेजारी बसलेल्या दोघींची बेरीज जुळेना. आधी हसले सगळे. मग एकाने फळ्यावर आकडे लिहायला सुरुवात केली आणि हसू थांबले. तेव्हापासून आम्ही असे ठरवले, की मुलाचे उत्तर त्याच्या बोलीत, त्याच्याच शब्दांत उतरवायचे. जातीचा रकाना आधी भरायचा नाही, मूल घरी गेल्यावर भरायचा. जन्मतारीख दाखल्यावरून घ्यायची आणि आईलाही विचारायची. आणि गुणांकन दोघांनी, एकमेकांचे न पाहता करायचे. दोन आकडे वेगळे आले तर दोन्ही अहवालात लिहायचे. अहवाल त्यामुळे दिसायला अशास्त्रीय होतो, अशी तक्रार बाहेरून आलेल्या एका परीक्षकाने केली. दोन आकड्यांपैकी खरा कोणता, असे त्यांनी विद्यार्थिनीला विचारले.

तिने आईने सांगितलेले वय त्यांच्यापुढे ठेवले. पोरगा पोळ्याच्या आदल्या रात्री झाला होता. एक जूनला नाही.